रहमत टेलरचा वजू

आर्णीच्या बाजारात रहमत टेलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला हातभर जागा. सारी हयात या माणसानं पुरुषांच्या कमरेखालचेच कपडे शिवले. पॅंटा, पायजमे, नाड्याच्या चड्ड्या. कोणी शर्टाचं कापड घेऊन आलं की म्हणायचा, "पलीकडं जा बाप्पा, कॉलर माझ्या हातानं बसत नाही."

आता कमरेखालचं शिवणाऱ्याला सगळं कळतं, बरं का. कोणाचं डावीकडं जड, कोणाचं उजवीकडं, कोणाला खोकला आला की जांघेत फुगवटा येतो, सगळं. आपल्याकडचे पुरुष असलं दुखणं बायकोला सांगत नाहीत. डॉक्टरला तर नाहीच नाही. टेलरला सांगतात, आणि तेही सरळ सांगतील तर शपथ! टेप मांडीपाशी गेला की रस्त्याकडं बघतात आणि पुटपुटतात, "जरा ढिला ठेवजा, रहमतभाई." एवढ्यावर रहमतनं समजून घ्यायचं, दोन पाय जुळतात तिथं दोन बोटं कापड जास्त सोडायचं, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. त्यानं कधी काढलाही नाही.

जवळच्या खेड्यातले बबनराव असेच दर दिवाळीला पॅंट ढिली करून न्यायचे. कापूस-तुरीवाला खाऊनपिऊन सुखी माणूस, पण चालायचा कसा, तर मांड्यांच्या मधे मडकं धरल्यासारखा. शेवटी एकदा रहमतलाच राहवलं नाही. "बबनराव," तो हळूच म्हणाला, "आता कापड पुरून नाही राह्यलं. डॉक्टरले दाखवा." बबनरावांचं तोंड लालबुंद झालं. पॅंट तशीच टाकून गेले आणि मग कितीतरी दिवस फिरकलेच नाहीत. आले ते एकदम गाजावाजा करत. "अंडात पाणी भरलं होतं बाप्पा, निस्तं पाणी! डॉक्टरनं काढून टाकलं. आता ह्या साऱ्या पॅंटा आत घ्या!" सारा बाजार ऐकत होता, पण गड्याला लाज म्हणून नाही. तेव्हापासून दोघांचं चांगलंच जमलं.

दुसऱ्याला शहाणपण सांगायला काय जातं? रहमतवर वेळ आली तेव्हा त्याचंही तोंड शिवलेलंच राहिलं.

साठी उलटल्यावर त्याचं सुरू झालं. लघवीला बसलं की धार लवकर लागेना. लागली तर सुतासारखी. आत काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. झालं असं समजून नाडा बांधावा, चार पावलं टाकावी, की पायजम्यात दोन थेंब. थकून जायचा तो. दिवसातून किती वेळा मशीनवरून उठायचं, याला काही सुमार? गिऱ्हाइकं हसायची, "चाचा, कुठं पळता घडीघडी?"

हसणाऱ्यांचं त्याला काही नव्हतं. त्याचं दुःख वेगळंच होतं. नमाजच्या आधी हात, तोंड, पाय धुऊन पाक व्हायचं, त्याला वजू म्हणतात. आणि लघवीचा एक थेंब आला की तो वजू गेला. रहमत मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहणारा माणूस. तरुणपणापासून त्याचा शुक्रवार कधी चुकला नव्हता. एका दुपारी नमाजात गुडघ्यांवर हात ठेवून तो वाकला आणि थेंब आला. त्याला स्पष्ट कळलं. रांग मोडून बाहेर पडायची हिंमत झाली नाही. उरलेली नमाज तो तसाच, फुटक्या वजूनं, अल्लाहसमोर खोटं उभं राहिल्यासारखा उभा राहिला. घरी येऊन जेवला नाही. त्यानंतर मशिदीत गेला नाही, घरीही चटई अंथरली नाही.

इमामाला विचारायचं की! विचारायचं खरं. पण इमाम कालचं पोरगं, त्याचा पहिला पायजमा रहमतनंच शिवलेला. त्याच्यापुढं आपला नाडा कसा सोडून दाखवायचा? मग जो भेटेल त्याला, "गुडघे दुखून राह्यले बाबा," हेच उत्तर. शुक्रवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसायचा. शिवतही नव्हता, नुसताच बसायचा.

उपाय म्हणून त्यानं पाणी तोडलं. पोटात पाणीच नाही तर थेंब येईल कुठून, असा त्याचा सरळ हिशोब. उन्हाळ्यात, आर्णीच्या उन्हाळ्यात, हा माणूस सकाळचा एक पेला पाणी पिऊन संध्याकाळपर्यंत मशीन चालवायचा. ओठ फुटले, लघवीला आग व्हायला लागली, थेंब काही थांबले नाहीत. चिंध्यांची जाड पट्टी शिवून पायजम्याच्या आत लावली, तीही ओली व्हायची. आयुष्यभर लोकांची झाकपाक करणारा माणूस स्वतःच्या कपड्याला हरला.

त्याची बायको अनवरी आतल्या खोलीत पाच वेळा नमाज पढायची. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्याला जड जायचं. शुक्रवारी ती त्याची टोपी धुऊन, इस्त्री करून खाटेवर ठेवायची. संध्याकाळी तीच टोपी उचलून पेटीत ठेवून द्यायची. रमजान आला, गेला. दुसरा आला. सारा मोहल्ला रात्रीच्या नमाजला मशिदीत, आणि हा कोपऱ्यात काजं करत बसलेला. आपला नवरा दीनातून, म्हणजे धर्मातूनच, उठला, असं अनवरीला वाटत असणार, आणि ते तसं वाटणं त्याला रोज खुपायचं. पण खरं सांगण्यापेक्षा ते बरं, असं हा बेटा समजून होता.

यंदाच्या हिवाळ्यात त्याला सर्दी झाली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, खाल्ल्या. लग्नसराईचं काम होतं, म्हणून लघवी आली तरी दाबून धरली. मग उठून गेला तर येईना. अर्धा तास बसून राहिला, नळ सोडून बघितला, कुंथून बघितलं, थेंब नाही. ज्या थेंबांनी त्याला छळलं, ते आता आणू म्हटलं तरी येईनात. दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं टणक झालं. बबनराव नवी पॅंट न्यायला आले, तर रहमत टेबल दोन्ही हातांनी धरून उभा आणि अंगावर घामाच्या धारा.

"काय झालं, रहमतभाई?"

"काही नाही. तुमची पॅंट..."

"पॅंट गेली चुलीत! काय होऊन राह्यलं, सांगा!"

"लघवी," रहमत म्हणाला आणि पोरासारखा रडायला लागला.

बबनरावांनी ऑटो थांबवला, त्याला उचलूनच आत घातला आणि दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी नळी घातली. नळीतून पिशवी भरायला लागली तशी रहमतची आवळलेली मूठ सुटली. एवढं सुख त्याला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

मग डॉक्टरांनी मागून बोट घालून तपासलं. रहमत भिंतीकडं तोंड करून कलमा म्हणत पडला. हात धुऊन डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. "हे बघा चाचा, कमरेच्या हाडांचं हे घमेलं. त्यात ही लघवीची पिशवी. पिशवीच्या तोंडाशी ही एक गाठ, प्रोस्टेट म्हणतात. सगळ्या पुरुषांना असते. मूल व्हायला जे वीर्य लागतं, त्यातलं काही पाणी हिच्यात तयार होतं. आणि लघवीचा रस्ता हिच्या मधून जातो. तरुणपणी ही आक्रोडाएवढी. वय झालं की वाढते आणि रस्ता आवळते. त्यात तुम्ही सर्दीच्या गोळ्या घेतल्या, त्यांनी उरलासुरला बंद केला."

रहमत चित्राकडं बघत राहिला. "म्हणजे नाडा जायचा नेफा फुगला, अन् नाडा अडकला."

"तसंच समजा."

"कॅन्सर तर नाही ना?" हे बबनरावांनी विचारलं.

"बोटाला तसं लागत नाही. पुढं रक्त तपासू. काही दिवस नळी राहू द्या, गोळ्या घ्या. नाही जमलं तर ऑपरेशन आहे. आणि चाचा, पाणी प्या, पिशवीतली लघवी बघा किती गडद आहे. पाणी तोडायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

रहमतनं चित्राचा कागद घडी करून खिशात घातला.

घरी आणून त्याला खाटेवर निजवलं. नळीची पिशवी खाटेच्या कडेला बांधली. बबनराव गेले. अनवरी आली, पिशवी रिकामी करून आली, हात धुतले आणि पायथ्याशी बसली. आता लपवायला उरलं तरी काय होतं! रहमतनं छताकडं बघत सारं सांगून टाकलं. थेंब, पट्ट्या, ती दुपारची नमाज, तोडलेलं पाणी. "नापाक माणूस कसा उभा राहीन मी?" तो म्हणाला. "दोन रमजान गेले माझे, अनवरी."

अनवरी त्याच्याकडं बघतच राहिली.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "अजी, एवढ्यासाठी तुम्ही नमाज सोडली?"

"मग काय करू?"

"थेंब थांबतच नसतील, तर तो माणूस माजूर. त्याले माफी आहे. दर नमाजच्या वक्ताले नवा वजू करायचा, आणि पढायचं. मंग थेंब आला तरी चालते."

"तुले कोणं सांगतलं?"

"मोहल्ल्यात बाया जमतात ना कुराण शिकायले, तिथल्या उस्तानीनं. मी विचारलं होतं."

"तू कायले विचारलं?"

अनवरीनं पदर सारखा केला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आपली गझाला झाली तेव्हापासून माझं अंग बाहेर येते. खोकली की लघवी सुटते. मी कपडा लावते, नवा वजू करते, अन् पढते. एक नमाज नाही सोडली."

गझाला त्यांची पोरगी. ती आता यवतमाळला नांदते आहे, तिची पोरं शाळेत जातात. रहमतनं मनात वर्षं मोजायला घेतली आणि सोडून दिली. ही बाई एवढी सारी वर्षं याच घरात, याच खाटेच्या पायथ्याशी, आणि आपण बाजारभर पुरुषांच्या जांघा मापत बसलो! त्याला स्वतःची चीड आली. मग तिचीही आली. "मले सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही तरी सांगतलं काय मले?" अनवरी म्हणाली. "दोन वर्षं मी रोज दुआ मागून राह्यली, की या माणसाचा दिल परत वळू दे. अन् खराबी निघाली खाली." तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

अजान झाली. तिनं घमेलं आणि तांब्या आणला. त्याचे हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले. टोपी दिली. उशी टेकवून त्याला बसवलं आणि मागं आपली चटई अंथरली. नळी तशीच होती, थेंब पिशवीत पडत होते, आणि रहमत टेलर बसल्या बसल्या नमाज पढला. खूप आनंद वगैरे झाला नाही त्याला. दमलेला होता फार. पण मधे कुठंही थांबला नाही.

संपल्यावर त्यानं मागं बघितलं. अनवरी एक हात जमिनीवर टेकवून, कमरेला दुसरा हात लावून हळूहळू उठत होती. असं उठताना त्यानं तिला किती वर्षं पाहिलं होतं. म्हातारपण आहे, असं समजायचा.

"दुखतं काय गं तुले?" त्यानं विचारलं.

"रोज," अनवरी म्हणाली आणि चटई गुंडाळायला वाकली.