सासऱ्यांच्या पोटातली वस्ती

माझ्या सासऱ्यांइतका पोटाचा अभिमान बाळगणारा माणूस साऱ्या माळव्यात झाला नाही, हे मी कुठेही, कुणासमोरही सांगायला तयार आहे. त्यांचं स्वतःचं पोट म्हणाल तर अगदी सपाट. नाडी कितीही आवळली तरी पायजमा खाली घसरायचा. अभिमान होता तो त्या पोटात राहणाऱ्या मंडळींचा. सरकारी डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती आणि दह्यातले, पोटातले ते डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांना घरच्यांसारखे वाटायचे. त्यांना कुणी जंतू म्हटलेलंही खपत नसे. "जंतू काय म्हणता? वस्ती म्हणा, वस्ती!" असं ते ठणकावून सांगत. "आपण फालतूमध्ये स्वतःला मालक समजून राहिलो. आपण तर धर्मशाळा आहोत न! आत उतरलेले लोक आपल्यापेक्षा जास्त. ते खूश तर आपण खूश, ते बिघडले की आपला ताप, आपली चिडचिड, सगळं सुरू." उज्जैनमध्ये जिकडे वळाल तिकडे धर्मशाळा असल्यामुळे लोकांना हे चटकन समजे, आणि पुढचं ऐकावं लागू नये म्हणून ते चटकन पटल्याचंही दाखवत.

माझी आणि त्यांची पहिली भेट म्हणजे माझा बघण्याचा कार्यक्रम. मी सोलापूरची, संस्कृत घेऊन एम. ए. झालेली. वडिलांनी माझ्याकडून दोन स्तोत्रं घोटून घेतली होती आणि आईने शिवणकामाचे नमुने मांडून ठेवले होते. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यातलं काहीच बघितलं नाही. पोह्यांची ताटली बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "घरी दही कोण लावतं?" मी म्हटलं, "मीच लावते." "उन्हाळ्यात आंबट होतं?" "होतं कधीकधी." "मग काय करतेस?" मी म्हटलं, "विरजण कमी घालते आणि भांडं माठाशेजारी ठेवते." ते माझ्या वडिलांकडे वळले आणि म्हणाले, "आमच्याकडून पक्कं." नवरा मुलगा तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. तो बँकेत नोकरीला आहे हेसुद्धा आम्हाला नंतर पत्राने कळलं.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या घरात सासूबाई नव्हत्या. मी लग्न होऊन यायच्या दोन वर्षं आधीच त्या गेल्या होत्या. तेव्हापासून घरातलं दही बाबा लावत आणि त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. संध्याकाळी दूध उकळून ते भगोना, म्हणजे आपलं पातेलं, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवत. करंगळीने कोमटपणा बघत. मग चमचाभर विरजण चार थेंब दुधात मोडून असं काही हलक्या हाताने सोडत की मला श्वास रोखून उभं राहावंसं वाटे. निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेत मोडीत निघालेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी अर्ज करून मागून घेतला होता. तो गच्चीवरच्या खोलीत असे आणि आल्यागेल्याला तिथे नेऊन दही दाखवलं जाई. एकदा समोरच्या काकूंना त्यांनी त्यांच्याच घरचं दही दाखवलं. काकू सोवळ्याच्या, एकादश्या करणाऱ्या. बाबा कौतुकाने म्हणाले, "बघा बघा, कशी खचाखच भरली आहेत! एकदम निरोगी!" काकूंनी एक डोळा मिटून बघितलं, जिना उतरल्या आणि पुढे महिनाभर दह्याला शिवल्या नाहीत. बाबांना हे कळलं तेव्हा ते रोज त्यांच्या दारात उभे राहून, दही न खाल्ल्याने आत काय हाहाकार उडाला असेल याचं वर्णन करू लागले. शेवटी काकूंनी डोळे मिटून दही खायला सुरुवात केली.

त्या वर्षांत बाजारात रोज काही ना काही नवीन येत होतं. घरोघरी केबल लागली, नाक्यानाक्यावर परदेशी कोल्ड्रिंकच्या लाल-निळ्या पाट्या चढल्या, दहीसुद्धा प्लास्टिकच्या डबीत मिळू लागलं. बाबांचा नव्याला विरोध नव्हता. ते ती डबी आणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली घालत आणि मग मत देत. औषधाच्या दुकानात अँटिबायोटिकच्या पाकिटाबरोबर दह्यातल्याच जीवांची कॅप्सूल मिळते, हे कळल्यावर तर ते दोन दिवस हवेत होते. "आपल्या लोकांना आता डॉक्टर लिहून देऊन राहिले!" असं ते सांगत सुटले, जणू घरातल्या मुलाला नोकरी लागली होती. पण देवास गेटजवळच्या एका दुकानात सर्दी झालेल्या माणसाला विचारल्या-पुसल्याशिवाय अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल कापून दिलेल्या दिसल्या की त्यांचं डोकं फिरे. "सर्दीला ही गोळी? सर्दी तर जाणारच आहे आपली आपण, पण आतली वस्ती उठेल त्याचं काय?" असं ते गिऱ्हाइकाला भर दुकानात समजावून सांगत. दुकानदार हात जोडून म्हणे, "बाबूजी, आप बेंच पे बैठो, चाय पियो, मगर ग्राहक मत भगाओ." बाबा चहा पीत आणि बेंचवर शेजारी बसलेल्याला समजावत.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. ते वैदू नव्हते. कुणाच्या पोराला जुलाब लागले तर आधी मीठ-साखरेचं पाणी आणि लगोलग डॉक्टर. ताकाची गोष्ट नंतर. "दही औषध नाही. दही शेजारी आहे, चांगला शेजारी," असं ते म्हणत. खरी गरज असेल तेव्हा अँटिबायोटिक घ्यायचं आणि पूर्ण घ्यायचं, हेही त्यांनीच गल्लीला शिकवलं होतं. त्यामुळे त्यांची स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांनी जे काही केलं त्याने आम्ही सगळेच चक्रावलो.

मे महिना होता. गच्चीवर पत्र्याची कड त्यांच्या पोटरीला लागली. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यांनी निमूट घेतलं, पण तिसऱ्या दिवशी पाय सुजला, लाल झाला आणि ताप चढला. डॉक्टर घरी येऊन पाय बघून गंभीर झाले. "ज़हर ऊपर चढ़ रहा है. दवा आज से ही शुरू करो, नहीं तो पैर का भरोसा नहीं," असं म्हणून त्यांनी दहा दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. बाबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि उशीखाली ठेवली. मग बॉलपेन मागून घेऊन लाली जिथपर्यंत आली होती तिथे पायावर रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली. "बघू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या तीन बोटं वर होती. त्यांनी दुसरी रेघ मारली. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच तर सांगता, गरज असेल तर घ्यायची." ते म्हणाले, "गरज आहे हे मला कळून राहिलं. पण आजकाल बाजारात काय काय येऊन राहिलं ते मी बघितलं न. कॅप्सूलच्या आत औषधाच्या जागी खडू निघाला तर? पाय तर जाईलच, आणि सत्तर वर्षांची वस्तीपण गेली तर मी कुठे जाऊ?" हे दोन्ही एकदम कसं होईल, खडूने वस्ती कशी उठेल, असं विचारायची ती वेळ नव्हती. त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस घाबरलेला आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला भीतीसुद्धा मुद्देसूद मांडायची सवय असते, एवढंच. हॉस्पिटलचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड फिरवत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग आम्ही दोघं नवरा-बायको, एक बँकेतला आणि एक संस्कृतवाली, अशांनी मिळून एक शास्त्रीय युक्ती काढली. बाबा जेवत नव्हते, पण सकाळी वाटीभर दही खात. तर उशीखालची चिठ्ठी हळूच काढून कॅप्सूल आणायच्या आणि त्याच दह्याच्या दुधात औषध मिसळायचं. संध्याकाळी मी दूध उकळलं, कोमट झाल्यावर तीन कॅप्सूल फोडून पूड त्यात ढवळली आणि भगोना त्यांच्या खाटेपाशी नेला. त्यांनी तापलेल्या हाताने विरजण लावलं. माझी काळजी टक्क जागी होती, पण अक्कल मात्र गाढ झोपलेली होती.

सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. मे महिन्यात, उज्जैनमध्ये, दूध जसंच्या तसं! ताप विसरून बाबा उठून बसले. वास घेतला, थेंब नखावर घेऊन बघितला. विरजण मेलं का म्हणून काकूंकडचं दूध मागवून त्यात तेच विरजण लावलं. दुपारपर्यंत ते दही छान घट्ट लागलं. म्हणजे विरजण चांगलं, खोट दुधात. संध्याकाळी दूधवाला आला तसा बाबांनी त्याला खाटेसमोर उभा केला.

"भैंस को सुई लगवाई?"

"नी बाबूजी."

"थन सूजा था उसका? दवाई दी?"

"बाबूजी, महाकाल की सौगंध, कुछ नी दिया. भैंस तो एकदम भली-चंगी है!"

"पैंतीस साल यही काम किया है मैंने. सुई वाला दूध जमता नहीं. कल से मत आना."

बारा वर्षं आमच्याकडे दूध घालणारा माणूस. त्याचा चेहरा उतरला, त्याने कॅन उचलली. तेव्हा मात्र मला राहवेना. "बाबा, त्याची काही चूक नाही. मी घातलं. तुमच्या कॅप्सूल घातल्या."

बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "किती?"

"तीन."

"उकळायच्या आधी की नंतर?"

"नंतर. कोमट झाल्यावर."

"बरोबर," असं म्हणून ते खाटेवरून उतरले. तो सुजलेला, रेघारेघांचा पाय जमिनीवर टेकताना त्यांना कळ आली, पण ते उभे राहिले आणि त्या दूधवाल्यापुढे त्यांनी हात जोडले. "माफ़ करना, भैया. ग़लती हमारे घर की थी. रोज़ आना." तो बिचारा "अरे बाबूजी, अरे बाबूजी" करत मागे सरत होता. मी खूप मोठमोठी माणसं पाहिली आहेत, भाषणं ऐकली आहेत, पण चुकलो हे कळल्याबरोबर असा उभा राहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तो माझा सासरा होता याचा मला आजही गर्व वाटतो.

मग खाटेवर बसून त्यांनी कॅप्सूलचं पाकीट मागितलं. "खडू असता तर दही लागलं असतं," ते म्हणाले, "माल खरा आहे." एक कॅप्सूल जिभेवर ठेवून ते पाणी प्याले आणि पोटावरून हात फिरवत आतल्या मंडळींना उद्देशून म्हणाले, "थोडं सांभाळून घ्या रे. पाय आपल्या सगळ्यांचाच आहे."

पहिले दोन दिवस लाली रेघेवर थबकून राहिली, मग खाली येऊ लागली. दहा दिवस त्यांनी घड्याळ लावून औषध घेतलं. पाय वाचला. पोटाची मात्र पार दैना झाली; कशाची चव लागेना, खाल्लेलं अंगी लागेना. ते रोज वहीत लिहीत. मी ताजं दही पुढे केलं की म्हणत, "दही एकटं काय करणार? जुने लोक परत यायला त्यांच्या जेवणाचं पण बघावं लागेल न." म्हणून मऊ खिचडीवरून हळूहळू डाळ, भाजी, ज्वारीची भाकरी असं ते चढत गेले. महिन्याभराने एका दुपारी त्यांनी आपणहून दुसरी भाकरी मागितली, ती संपवली, आणि वही उघडून तारखेसमोर लिहिलं, 'लोक परतले.'

त्याच दिवशी त्यांनी विरजणाची वाटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "आजपासून दही तू लावायचं." मी म्हटलं, "तुमच्या दुधात भेसळ केली मी, आणि माझ्याकडेच देता?" ते म्हणाले, "भेसळ पुष्कळ लोक करतात. कबूल कोण करतं? अशी एक असिस्टंट मी सगळी नोकरीभर मागत होतो."

त्यानंतर ते आठ वर्षं जगले. आता वर्तमानपत्रात अधूनमधून वाचते की पोटातल्या जीवांचा आणि माणसाच्या तब्येतीचा, मनाचासुद्धा, फार जवळचा संबंध आहे, अजून पुष्कळ शोधायचं बाकी आहे, वगैरे. वाचून मला नवल वाटत नाही. हे सगळं सांगणारा माणूस आमच्या गच्चीवर राहत होता आणि आम्ही त्याला हसत होतो, एवढंच मनात येतं.

शेवटच्या आजारात त्यांना गोळ्या गिळता येईनाशा झाल्या. एका सकाळी मी गोळी तळहातावर घेऊन खाटेपाशी उभी होते. कुटून देऊ का, कशातून देऊ, हे विचारायला माझी जीभ रेटेना. त्यांना ते कळलं. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "दुधातून दे, सूनबाई. या वेळी मी तपासणार नाही."

मी गोळी कुटून दुधात घातली. ते एकेक घोट करत सगळं दूध प्याले आणि पेला उलटा करून मला दाखवला.