बोटीवर आईनं खेळलेले तीन डाव

माझ्या नवऱ्याचं शिरूरला पाइप आणि मोटरपंपांचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात पाइपच्या कंपनीनं आपल्या दुकानदारांना मुंबईहून गोव्याला मोठ्या बोटीनं न्यायचं ठरवलं. एका दुकानामागे दोन माणसं. नवऱ्याला साध्या एसटीतसुद्धा मळमळतं. तो म्हणाला, "मी काही येत नाही. पाण्यावर माझं काय होईल सांगता येत नाही. तू आईंना घेऊन जा. त्यांनी समुद्र कुठं पाहिलाय?"

आई म्हणजे माझी आई. वय चौऱ्याहत्तर. पप्पा गेल्यावर दौंडचं घर बंद करून ती आमच्याकडं शिरूरला राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली. तिचे रविवार ठरलेले असतात. सकाळी उपासना, दुपारी वरण-भात, संध्याकाळी बायकांची प्रार्थना. ती नाही म्हणेल असं मी धरूनच चालले होते. तिनं फक्त विचारलं, "बोटीवर जिना किती चढायचा?" लिफ्ट आहे म्हटल्यावर ती दोन पातळं आणि पवित्र शास्त्र पिशवीत भरून तयार झाली.

बोट तिला आवडली. खोलीच्या गोल खिडकीशी ती तासन्‌तास बसायची. जेवणाच्या हॉलमध्ये इतके पदार्थ मांडलेले असायचे, पण ती रोज दही-भातच घ्यायची आणि वाढणाऱ्याला हिंदीत विचारायची, "बेटा, तू जेवलास का?" रेल्वे कॉलनीत तिचा जन्म गेला, त्यामुळं हिंदी तिला आपली वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही बाहेर आलो, तर कोरेगाव भीमाचे एक दुकानदार भेटले. आमच्याच गटातले, हसतमुख गृहस्थ. ते म्हणाले, "मावशी, वरच्या मजल्यावर कॅसिनो उघडलाय. कंपनीनं प्रत्येकाला कुपन दिलंय, त्यावर चिप्स मिळतात. त्यांचे पैसे काही करता येत नाहीत, नुसतं खेळायचं. चला, वाया कशाला घालवता?"

मी घाईघाईनं म्हणाले, "नको, आईला नाही आवडत असलं."

आई म्हणाली, "मी कवा म्हणले नाही आवडत? चल, बघू तरी."

"आई, तिथं जुगार चालतो."

"ठावं हाय मला. म्हणून तर म्हणते चल."

मी तिच्यामागून निघाले, पण मला ते पटेना. का पटेना ते सांगायला हवं.

पप्पा रेल्वेत फिटर होते. कामात हुशार, स्वभावानं गोड आणि पत्त्यांच्या बाबतीत कुणाचे नसलेले. दौंडला स्टेशनपासून थोडं पुढं एका दुकानाच्या मागं खोली होती, तिला सगळे क्लब म्हणायचे. ड्यूटी सुटली की पप्पांची सायकल आधी तिकडं वळायची. आमच्या घरात मात्र पत्त्यांचा जोड कधी आला नाही. आईनं तेवढी एक हद्द घातली होती आणि पप्पांनी ती पाळली. घरात पत्ता नाही आणि घरात पप्पाही नाहीत, असं माझं लहानपण गेलं.

मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पाहुणे पुण्याहून आले, त्यांचे पोहे झाले, चहा झाला, पाळकसाहेबांनी दोनदा विषय बदलून वेळ काढला. पप्पांचा पत्ता नव्हता. शेवटी मामा जाऊन त्यांना क्लबातून घेऊन आले. ते दारात उभे राहिले, सगळ्यांना हसून सलाम केला आणि म्हणाले, "जरा कामात अडकलो होतो." मुलाच्या वडिलांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि चपला घातल्या. त्या दिवशी माझ्या मनात जे काही मिटलं, ते नंतर मी उघडलं नाही. पुढं चांगल्या घरात लग्न झालं, केंदूरच्या शाळेत नोकरी लागली, तरी पप्पांशी माझं बोलणं "बरे आहात ना" एवढंच राहिलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तसे ते सव्वा वर्ष जगले. शिरूरहून दौंड काही लांब नाही, तरी त्या सव्वा वर्षात मी चार-पाच वेळाच गेले. शाळेचं कारण सांगायचे. आई कधी बोलली नाही.

तर अशा आईला घेऊन मी त्या कॅसिनोत शिरले. आत खिडकी नव्हती. भर दुपारी दिवे लागलेले, पायाखाली जाड गालिचा आणि कडेनं ओळीनं मशिनं. त्यांच्यातून सतत टुणटुण असा आवाज येत होता. एक बाई मशिनसमोर बसून एका हातानं फोन बघत होती, दुसऱ्या हातानं बटण दाबत होती. आई तिच्यामागं बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ह्यात समोर माणूसच न्हाई. हे कसलं खेळणं?"

फिरत्या चकतीपाशी ती थांबली. पांढरी गोटी गरगर फिरून एका खाचेत पडली, तेव्हा टेबलाभोवतीची माणसं एकदम सैल झाली. आईनं गोटीकडं पाहिलंच नाही, माणसांची तोंडं पाहिली. "सगळी अशीच बसत असतील," ती स्वतःशीच म्हणाली.

कोपऱ्यातल्या हिरव्या टेबलापाशी येऊन मात्र ती म्हणाली, "हे तीन पानी हाय." मला वाटलं, पाटीवर वाचलं असेल. पाटी इंग्रजीत होती.

"इथं बसते मी," आई म्हणाली.

टेबलामागं पानं वाटायला एक ईशान्येकडची मुलगी होती, पंचविशीतली, काळ्या जाकिटातली. दुपार असल्यामुळं टेबलाशी दुसरं कुणी नव्हतं. तिनं मला आईसाठी खुर्ची जरा पुढं ओढायला सांगितली, कुपन घेऊन प्लास्टिकच्या रंगीत चकत्या समोर ठेवल्या आणि खेळ समजावून सांगायला लागली. आई म्हणाली, "मालूम है, बेटा. बाँटो."

मी आईच्या डाव्या खांद्यामागं उभी होते. मुलीनं तीन पानं आईसमोर पालथी सरकवली. आईनं ती उचलली, उजव्या हातात अंगठ्यानं सराईतपणे पसरली आणि हात डावीकडं वळवून धरला. डावीकडची खुर्ची रिकामी होती. पानं त्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून होती. मला तिन्ही स्वच्छ दिसली. बदामाची राणी, किलवरची नश्शी, चौकटची चौकी. आईला त्यातलं एकही दिसत नव्हतं. ती पानांकडं पाहतही नव्हती. ती त्या खुर्चीकडं पाहत होती. कुणीतरी काही सांगेल म्हणून थांबावं, तशी.

मुलगी हळूच म्हणाली, "माँजी, पत्ते आपके हैं. आप देखिए."

आई दचकली. तिनं हात झटकन आपल्याकडं वळवला. "हां, हां," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. पानं बघून तिनं एक चकती पुढं सारली. मुलीकडं राजा निघाला. पहिला डाव गेला.

दुसऱ्या डावाला तिचा हात पुन्हा डावीकडं गेला. ह्या वेळी तिचं तिनंच ओळखलं आणि पानं टेबलावर पालथी ठेवून दिली. "न बघताच खेळते," ती मला म्हणाली. तोही डाव गेला. तिसऱ्याला तिच्याकडं दोन अठ्ठ्या आल्या आणि ती जिंकली. मुलीनं चकत्यांची छोटी चळत तिच्याकडं सरकवली आणि हसली. आईनं सगळ्या चकत्या परत तिच्याकडं ढकलल्या. "बस हो गया. अच्छा बाँटती हो," ती म्हणाली आणि माझा हात धरून उठली.

आम्ही वर उघड्यावर आलो. ऊन होतं, वारा होता. पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. आईला बाकावर बसवून मी चहा आणला. ती पदर कानावरून घेऊन बसली होती. मी विचारलं, "आई, तुला तीन पानी कुठून येतं?"

"तुझ्या पप्पांनी शिकवलं."

"कधी?"

"ते पडून व्हते तवा."

मला आधी कळेचना. ती चहाचा घोट घेऊन सांगायला लागली.

"हात गेला, बोलणं गेलं. दिसभर भिंतीकडं तोंड करून पडायचे. खायला घातलं तर खायाचे, न्हाई तर न्हाई. डॉक्टर म्हणले, ह्यांचं मन कशात तरी गुंतवा. म्या गाणी लावली, शास्त्र वाचलं. डोळं मिटून घ्यायचे. मग एक दिस मीच बाजारात गेले आन् पत्त्याचा जोड आणला. दुकानदाराला सांगितलं, नातवाला पायजे. खोटं बोलले."

"आणि पप्पा?"

"जोड बघितला आन् रडले. लई रडले. मग डाव्या हातानं एकेक पान दावून शिकवायला लागले. हे मोठं, हे बारकं, हे असं आलं म्हंजी सोडायचं. दोन महिने लागले मला. त्यांना पानं धरता येईनात, म्हणून त्यांची पानं मीच धरायची, त्यांच्याकडं तोंड करून. माझी मांडीवर पालथी. खेळायचं असलं की ते खाटंवर बोट वाजवायचे. सोडायचं असलं की डोळं मिटायचे."

"पैसे लावून?"

"पैसे कुठले? चिंचोके."

चिंचोके म्हटल्यावर मला आठवलं. पप्पांच्या मातीनंतर घर झाडताना खाटेखाली मला डबाभर चिंचोके सापडले होते. आईनं चिंच फोडून ठेवली असेल, असं समजून मी ते परसात फेकून दिले होते. आईनं ते पाहिलं होतं, पण मला अडवलं नव्हतं.

"तू त्यांची पानं बघायची नाहीस?" मी विचारलं.

"बघायची की. कवातरी," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. "आन् माझी चांगली असली तरी टाकून द्यायची. जन्मभर हरत आले व्हते. शेवटी तरी जिंकू दे म्हणलं. त्यांनाबी ठावं असंल. पण बोट वाजवायचे, असं ऐटीत."

मी म्हणाले, "मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यांनीच नको म्हणून खुणावलं. तू यायची म्हणून फोन आला की जोड उशीखाली सारायला लावायचे. तू चिडशील म्हणून भ्यायचे."

"मला?"

"व्हय, तुलाच. मला कवा भ्यालं न्हाईत ते."

मला रडू आलं. आईनं रडू दिलं. मी म्हणाले, मी यायला हवं होतं, दर रविवारी यायला हवं होतं. ती म्हणाली, "तुझा राग खोटा नव्हता. त्यांनी मलाबी तरणेपणी लई तरास दिला, ते मी इसरले न्हाई. तुला बघायला आलेल्या दिवशी पाव्हणे गेल्यावर मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते. पण माणूस असा भिंतीकडं तोंड करून पडला, की काय करणार? त्या खोलीत जाऊन ते काय खेळायचे, ते मला तीस वर्षं कळलं न्हाई. शेवटच्या सालात कळलं. मला आवडलं ते खेळणं, खरं सांगते."

"म्हणून आज आत गेलीस?"

"क्लब कसा असतो ते बघायचं व्हतं. कवा आत पाऊल टाकलं नव्हतं ना. दारातनंच हाक मारायची मी." तिनं कप बाकावर ठेवला. "चांगली व्हती ती पोरगी. घरापासून किती लांब आलीय."

गोव्याला बोट लागली तेव्हा आमच्या गटातल्या बाकी सगळ्या बायका फोटो काढत होत्या. आई आधाराला माझा दंड धरून उभी होती आणि मी तिला पहिल्यांदाच पप्पांबद्दल काय काय विचारत होते. ते कॉलनीतल्या कुणाचीही सायकल फुकट दुरुस्त करून द्यायचे, त्यांना गोड शिऱ्यातही मीठ लागायचं, माझा दहावीचा निकाल त्यांनी शेडमधल्या प्रत्येकाला दाखवला होता. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

शिरूरला परत आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय आई, कशी होती बोट?" आई म्हणाली, "झकास. मी जुगार खेळले." तो हसला. त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. एका दुपारी मी आईला म्हणाले, मला तीन पानी शिकव. तिनं आपल्या पेटीतून कडा मऊ झालेला जोड काढला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की आम्ही दोघी फरशीवर चटई टाकून बसतो. मला ती जिंकू देत नाही. दहातले आठ डाव तिचेच असतात.

परवा मी वाईट पानांवर उगाच पुढं खेळत राहिले आणि सपाटून हरले. आई पानं गोळा करत म्हणाली, "सोडावं कवा ते तुला कळत न्हाई. अगदी बापावर गेलीस."

लहानपणापासून हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, आणि दर वेळी मला त्याचा राग यायचा. त्या दुपारी नाही आला. मी म्हणाले, "पीस पुन्हा."