टाकीचं झाकण

"ये किसकी फॅमिली है?"

कर्नलसाहेबांनी हे मला विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीला विचारलं. मी समोरच उभी होते, हात वर केलेला. फौजेत बायकोला फॅमिली म्हणतात. ती एकटी उभी असली तरी फॅमिली.

माझ्या नवऱ्याची ड्यूटी त्या दिवशी हॉलच्या दाराशी चहाच्या किटल्यांवर होती. तो पुढं आला. हातात ट्रे, तसाच सावधान उभा राहिला.

"सर, मेरी."

"हवलदार, तुम्हारे घर में कमांड किसके पास है?"

हॉल हसला. बायका हसल्या, पोरं हसली. साहेबांच्या मिसेसनी तोंडाला रुमाल लावला. ट्रेमधले कप वाजत होते, ते मला ऐकू येत होतं.

"बैठ जाइए, मॅडम."

मी बसले.

मी काय विचारलं होतं? आमच्या ब्लॉकवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण कधी बसणार, एवढंच. वादळात झाकण उडालं होतं. टाकीत कबुतर मरून पडलेलं. नवऱ्यानं आणि शेजारच्यानं ते बादलीनं काढलं. तोवर ब्लॉकमधल्या दोन पोरांना कावीळ झाली होती.

जवानांच्या बायकांच्या या मेळाव्यांची एक रीत होती. आदल्या दिवशी सुभेदार मेजरसाहेबांच्या बाई क्वार्टर-क्वार्टर फिरायच्या आणि आमचे पॉइंट वहीत लिहून घ्यायच्या. तक्रार म्हणायचं नाही, पॉइंट म्हणायचं. संध्याकाळपर्यंत वहीत तीनच पॉइंट उरायचे. शाळेची बस दहा मिनिटं लवकर सोडावी, बागेत पोरांना झोपाळा हवा, असले. त्यांची उत्तरं आधीच तयार असायची. कोणी उठून विचारायचं तेही ठरलेलं. माझ्या पॉइंटवर बाईंनी माझ्यादेखत लाल रेघ मारली.

"तुझं खरं हाय गं," त्या म्हणाल्या. "पण साहेबांचा मूड जातो की. त्यात तपासणीला जनरलसाहेब येणार हायत."

मेळाव्यात ते तीन पॉइंट झाले. साहेबांनी विचारलं, "और कोई पॉइंट?" हे नुसतं विचारायचं असतं, हे मला माहीत होतं. तरी मी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची मंजूर रजा रद्द झाली. चार दिवसांनी टाकीवर माणसं चढली. मला वाटलं, झाकण आलं. त्यांनी टाकीला पांढरा रंग दिला, त्यावर काळ्या रंगात ब्लॉकचा नंबर घातला आणि उतरले. जनरलसाहेब टाकी खालून बघणार होते. वरून कोण बघतंय?

पंधरा दिवसांत माझ्या पोरीचे डोळे पिवळे झाले. आठ वर्षांची होती. मिलिटरी हॉस्पिटलात तिच्या उशाशी मी एकटी. नवरा त्या वेळी परेड ग्राउंडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचे दगड रंगवून घेत होता. एक गेरूचा, एक चुन्याचा. त्याला दोन तासांचा पास मिळाला नाही. जनरलसाहेबांची गाडी त्या रस्त्यानं गेलीच नाही.

पोरगी वाचली. तिचं शाळेचं वर्ष गेलं. नवऱ्याची नायब सुभेदाराची बढती हुकली, ती परत आली नाही. तो मला कधी टाकून बोलला नाही. एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत म्हणाला, "गप बसली असतीस तर..." आणि भाकरी मोडली.

मी पुढं कितीतरी वर्षं गप बसले.

कर्नलसाहेब वाईट माणूस नव्हते, हेही सांगते. पहाटे जवानांच्या पुढं धावायचे. जवानांच्या पंगतीला बसून जेवायचे. पण त्यांना वाईट बातमी चालायची नाही. आणली की आणणाऱ्यावर चढायचे. मग कोण आणणार? मेजर कॅप्टनला गप करायचा, सुभेदार हवलदाराला, सुभेदाराची बाई आम्हाला. साहेबांपर्यंत पोचायचा तो नुसता रंग.

गेल्या महिन्यात हेच साहेब सोलापुरात आले. निवृत्त आहेत, गावोगावी कॉलेजांत भाषणं देतात. विषय नेतृत्व.

नवरा आता एका कापडाच्या शोरूममध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये बायकांच्या कामावर देखरेख करते. भाषणाची बातमी कळल्यापासून नवरा वेगळ्याच चालीनं चालत होता. ब्लेझर इस्त्री केला, मेडलं पुसली. आयोजकांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितले होते.

"अगं, लिहून दे की. साहेब आमाला पोटच्या लेकरासारखं वागवायचे, असं लिव्ह."

"साहेब आम्हाला" इथवर लिहिलं आणि थांबले.

"पोटच्या लेकराचं काय झालं, ते लिहू का?"

 तो कागद घेऊन बाहेर पायरीवर बसला आणि उरलेलं स्वतः लिहिलं.

भाषणाच्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये पद्मा माझ्याकडे आली. प्रेसला असते. तेलुगू घरातली, बोलायला कमी.

"अक्का, इस्त्रीला करंट येतोय. काल हात झिणझिणला."

"बघते मी. सोमवारी मालक येतील तेव्हा मीटिंगमध्ये काढू नकोस. जूनचा माल डोक्यावर आहे."

मान हलवून गेली. मी वहीत लिहिलं, आणि पेन्सिलीनं त्यावर रेघ ओढली. तेव्हा मला काहीही वाटलं नाही.

संध्याकाळी कॉलेजचा हॉल गच्च भरलेला. नवरा वाचून आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब उठले. केस पांढरे झालेत, आवाज तोच, बोलणं आता मराठीत. "माझं दार जवानांसाठी कायम उघडं असायचं," ते म्हणाले. परत टाळ्या. आयोजकाकडे प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. त्यानं त्यातल्या तीन काढल्या, बाकीच्या खिशात घातल्या. सर, आपल्या यशाचं रहस्य काय, वगैरे.

मी त्याच्या खिशाकडे बघत होते. आणि मला माझी वही दिसली. पद्माच्या नावावरची रेघ दिसली. सुभेदार मेजरीणबाईंची जागा मी कधी घेतली, मला कळलंच नव्हतं.

"अजून कोणाला काही?" साहेबांनी विचारलं.

मी उठले. नवऱ्यानं पदर ओढला. "बस की. अगं, बस खाली."

"साहेब, आमच्या ब्लॉकच्या टाकीला झाकण का बसलं नाही?"

"कुठली टाकी, ताई?"

मी सांगितलं. झाकण, कबुतर, रंग, पोरीची कावीळ. चार-पाच वाक्यांत. ते भुवया जवळ आणून ऐकत होते. आठवत नव्हतं त्यांना. खोटं बोलत नव्हते, खरंच आठवत नव्हतं. ते हसले, आयोजकाकडे वळले.

"ह्या कोणाच्या मिसेस?"

शेजारी खुर्ची करकरली. नवरा अर्धा उठलाच होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

"कोणाची ते राहू द्या, साहेब. माझं नाव सांगते." सांगितलं. आडनावासकट. "झाकण तुमची बदली झाल्यावर बसलं. नवे साहेब पहिल्याच आठवड्यात स्वतः शिडीवरून चढले, त्यांनी बघितलं. तासाभराचं काम होतं. तुमचं दार उघडं होतं, पण आत गेलेल्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. या मुलांना तेपण शिकवा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आयोजकानं माइक घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली.

घरी जाताना स्कूटरवर नवरा म्हणाला,

"लई बोललीस."

"व्हय."

"मी उठत हुतो..."

"बघितलं. सर, मेरी म्हणायला."

"सवय हाय गं."

सोमवारी मालक आले. खुर्चीत बसले आणि नेहमीसारखं मला विचारलं, "काय बाई, सगळं ठीक ना?" समोर चौदा बायका बसलेल्या, आणि विचारलं मला.

"नाही. पद्मा, बोल."

पद्मानं माझ्याकडे बघितलं. घाबरलेली. ती भीती मीच शिकवलेली. तिनं सांगितलं, हळू आवाजात, हात दाखवून.

मालकाचं तोंड उतरलं. "एवढ्यासाठी मीटिंगमध्ये कशाला, बाई? मला बाजूला सांगायचं."

"बाजूला सांगायचं बंद. इस्त्रीचा प्लग मी काढलाय. वायरमन बघून जाईपर्यंत लावणार नाही. माल थांबला तर थांबला."

"आणि मी दुसरी सुपरवायझर आणली तर?"

"आणा. तिलाही पद्मा हेच सांगेल."

ते उठून गेले. वायरमन दुपारी आला. माझी नोकरी आज आहे, जूननंतर असेल की नाही, माहीत नाही.

वही मी फाडली नाही. प्रेसच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगली आहे, दोरीला पेन बांधून. ज्या बाईला जे लिहायचं ते ती स्वतः लिहील आणि मालकासमोर स्वतः वाचेल. मी इथं आहे तोवर त्या वहीत रेघ मी मारणार नाही आणि कोणाला मारू देणार नाही.