नसीम आपांची कॅलेंडरं

नसीम आपा बाळाचं नाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "ग्रहन कधी लागलं होतं?" लातूरच्या ज्या दवाखान्यात दुभंगलेल्या ओठांची आणि टाळूंची ऑपरेशनं होतात, तिथे त्या नर्स होत्या. टेबलाच्या खणात त्या मागच्या दोन-तीन वर्षांची कॅलेंडरं ठेवायच्या.

अकरा दिवसांच्या मुलीला घेऊन मी रेणापूरहून गेले, तेव्हा सासूबाई सोबत होत्या. ग्रहणात मी कारली चिरली, हे त्यांनी मी बसायच्या आतच आपांना सांगून टाकलं. मी आठवीला विज्ञान शिकवते. ग्रहण म्हणजे सावली, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तरीही मला सासूबाईंचंच खरं वाटत होतं. मुलीचा वरचा ओठ नाकापर्यंत उघडा होता, पाजलेलं दूध नाकातून परत येत होतं आणि मला रडू येत नव्हतं. बाळंतपणापासून आत काही हलतच नव्हतं.

आपांनी दोन्ही तळवे स्वतःच्या गालांवर ठेवले. "मावशी, इकडं बघा. पोटात तोंड एकदम बनत न्हाई. गालाकडून हे दोन भाग येतात, कपाळाकडून एक खाली उतरतो. नाकाखाली तिघं भेटले की व्हट झाला. सातव्या हप्त्यात खेळ खलास. मंग टाळूचं. दोन पडदे जिभेच्या बाजूला लोंबत असतात. जीभ खाली सरकली की आडवे होतात, मधी चिकटतात. तिसऱ्या महिन्यात तेबी काम संपतं."

"मंग हिचंच का न्हाई चिकटलं?" सासूबाईंनी विचारलं.

"येश्टी हुकते तसं हुकलं. कधी घरान्यातून येतं, कधी डाक्टरलाबी सांगता येत न्हाई. आन बापानं ग्रहनात दाढी केली होती का, ते विचारलं कुनी?"

सासूबाई ऐकायला तयार नव्हत्या. तेव्हा आपांनी कॅलेंडर काढलं. "समजूत घालायला मला येत न्हाई. मी मोजून दावते," म्हणाल्या आणि जन्मतारखेवर बोट ठेवून पानं मागे उलटत गेल्या. ग्रहण नेमकं कितव्या महिन्यात आलं, हे घरात कुणालाच धड आठवत नव्हतं. मी कॅलेंडरकडे बघितलंही नाही. भिंतीवरच्या पंख्याच्या बटणांकडे बघत होते.

"हे बघा, पाचवा महिना. व्हट, टाळू सगळं कवाच उरकलं होतं."

त्यानंतर कारल्याचा विषय घरात निघाला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. आता झोपता येईल, एवढंच वाटलं, आणि त्या रात्री झोपले.

काही महिन्यांनी मुलीच्या ओठाचं ऑपरेशन झालं, वर्षाची झाल्यावर टाळूचं. आता ती पहिलीत आहे आणि वर्गात बडबड करते म्हणून तक्रारी येतात. आपांना फोनवर सांगितलं की त्या खूश व्हायच्या. निवृत्तीनंतर त्या देगलूरला गेल्या आणि मागच्या वर्षी अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले.

"बाई, माझं येक मोजून द्या," त्या म्हणाल्या. "सोताचं मला जमत न्हाई."

त्यांचं पहिलं बाळ असंच होतं. एकोणीस दिवस जगलं. त्याला दूध कसं पाजायचं, हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही. ग्रहणात कात्री धरली होती, हे मात्र सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी मला दोन तारखा दिल्या. मी मोबाईलवर मोजलं, पुन्हा मोजलं. दुसराच महिना निघत होता, सातवा आठवडा.

"पाचवा महिना, आपा," मी म्हणाले.

त्या हसल्या. "दोन-दोन पानं जोडून उलटली तुम्ही, बाई. मीबी तेच करायची. ज्यांचं दुसऱ्या महिन्यात निघायचं, त्यांच्यासाठी."

"म्हणजे ग्रहणानं खरंच..."

"छे! सावलीनं कुनाचा व्हट फाटतो का? पन ते सांगून बाईला झोप येत न्हाई. तारीख दाखवली की येते."

आठवड्याभरानं आपा गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. उरलेले पेपर तपासून संपवले.

माझ्या मुलीची जन्मतारीख आणि त्या ग्रहणाची तारीख, दोन्ही मला पाठ आहेत. मोजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. आपांनी माझ्या वेळी पानं एकेक उलटली होती की जोडून, हे मी अजून पाहिलेलं नाही. मला भीती वाटते.