इंग्रजी पेपरातले पणजोबा

ब्रिटिश साम्राज्याला पहिला हादरा आमच्या पणजोबांनी रोह्यातून दिला. (इतिहासाच्या पुस्तकांत हे नाही, बापूकाकांच्या तोंडी आहे.) कुंडलिकेवर पूल हवा म्हणून त्यांनी मुंबईच्या इंग्रजी पेपरात असं पत्र लिहिलं, की कलेक्टर चहा अर्धा टाकून उठला! अठ्ठ्याऐंशी वर्षांचे काका हे जन्मभर सांगत आले आणि भाऊबंद जन्मभर हसत आले. "मरायच्या आधी तो पेपर आणून ह्यांच्या नाकासमोर धर," एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं.

जुने पेपर आता इंटरनेटवर सापडतात. पेणला घरात बसून मी महिनाभर ते उपसले. बोटींची वेळापत्रकं, गव्हर्नरच्या मेजवान्या, साबणाच्या जाहिराती... आणि एका दुपारी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आमचे पणजोबा! नाव, आडनाव, पुढे 'रोहा'. मी खुर्चीतून उभाच राहिलो. इतकी वर्षं ते तिथं कुणीतरी येईल म्हणून थांबले होते! डोळे भरून आले, पुढचं काही दिसेना. तसाच फोन लावला.

"काका, सापडले!"

"व्हय? छापलंय?"

"छापलंय!"

रविवारी रोह्याला झाडून सगळे भाऊबंद जमले. ते पान दाराएवढं मोठं करून मी फ्रेममध्ये आणलं होतं. हार घातला, नारळ फोडला. लोक चपला काढून पाया पडत होते. (शेजारच्या मूळव्याधीच्या गोळ्यांच्या जाहिरातीलाही हळदकुंकू लागलं.)

काकांनी कॉलेजात जाणाऱ्या नातीला पुढे केलं. "सायले, वाच गो. मराठीत सांग. ऐकू दे ह्यांना!"

सायलीने वाचलं. मग नुसतीच माझ्याकडे बघत राहिली.

"सांग ना!"

"वर 'पत्रलेखकांना उत्तरं' असं छापलंय. खाली आपलं नाव, आणि मग, 'पुलाबद्दलचं आपलं चौथं पत्र मिळालं. आधीची तीनही मिळाली होती. यातलं एकही छापता येणार नाही. कृपया आणखी पाठवू नये. संपादक.'"

उदबत्तीचा धूरसुद्धा जागीच थांबला. भाऊबंद काकांकडे बघू लागले, मी नारळाकडे.

"चार पत्रं?" काकांनी विचारलं.

"चार, आजोबा."

"म्हणजे साहेबाला चार वेळा वाचायला लावलंन! आणि दमला कोण? साहेब! आपला माणूस नाय दमला!"

कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी पुन्हा हात जोडले. खरं सांगतो, मीही जोडले, आणि या वेळी मनापासून.

पंगतीत काका हळूच माझ्याकडे झुकले. "तू आधी वाचलं नव्हतंस काय रे?"

"नाव वाचलं होतं."

पेणच्या शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं.