कोऱ्या कापडाचं पाल

ओलं कापड माझ्या मुलाच्या तोंडाला चिकटलं होतं आणि त्याचं रडणं बंद झालं होतं. अकरा महिन्यांचं पोर. वरून गारा पडत होत्या, पाल आमच्या अंगावर कोसळलं होतं, आणि त्या कापडाखाली पालथी पडून मी त्याचं नाक कुठे आहे ते चाचपत होते. शेजारी सासूबाई देवीचा धावा करत होत्या. ते पाल ज्यांनी निवडलं ते माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, त्या वेळी देवळाच्या डोंगराच्या पायथ्याशी पक्क्या छपराखाली चहा पीत उभे होते.

इच्छापूरच्या देवीचा नवस माझाच होता. पहिला मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला होता. हा जगला तर चैत्राच्या जत्रेला बऱ्हाणपुराहून पायी येईन, ओझं गाडीत न घालता घरच्यांच्याच पाठीवर आणीन आणि त्याचं जावळ तिथे काढीन, असं मी बोलले होते. बैलगाडी नाही म्हटल्यावर मुक्कामाचं सगळं पाठीवर आलं. जत्रेत धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नसते. डोंगराखालच्या मोकळ्या शेतांत लोक पालं ठोकून राहतात. पाल हलकं हवं, एवढं मलाही कळत होतं. नवऱ्याला गिरणीतून रजा मिळाली नाही, म्हणून पालाचं काम जेठांनी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

जेठ कचेरीत कारकून. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच नव्या राज्यात गेला होता. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जायला लागले होते, आणि जणू ते राज्य आपणच जोडलं अशा थाटात जेठ घरात हिंदी बोलायला लागले होते. नव्या साहेबाबरोबर दोन दौरे केले, साहेबाच्या राहुटीच्या दोऱ्या धरल्या, तेवढ्यावर त्यांना तंबूतलं सगळं कळायला लागलं. साहेबाची राहुटी जाड, दुहेरी कापडाची असते आणि गाडीतून येते, हे मात्र दिसलं नाही.

त्यांनी मागावरून उतरलेलं कोरं कापड आणलं, शिंप्याकडून शिवून घेतलं आणि अंगणात दोन वेळूंवर उभं केलं. करकरीत, पांढरं. गल्ली बघायला आली.

"वजन देखो," ते म्हणाले. पाल उतरवून, घडी करून एका बोटावर उचलून दाखवलं. "माय, सांग तिला, तिच्या पोराच्या अर्ध्या वजनाचंही नाही."

जेठांशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. पदर पुढे ओढून सासूबाईंना सांगायचं आणि त्यांनी पुढे सांगायचं. माझं माहेर राजपुऱ्यातलं, घरात माग होता. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुताला खळ लावायलाच. कोऱ्या कापडात ती खळ भरलेली असते. म्हणून ते घट्ट दिसतं. पाणी लागलं की खळ निघून जाते, कापड आटतं आणि त्याची चाळणी होते.

"आत्या, त्यांना सांगा," मी सासूबाईंना म्हटलं, "शिवण उसवा, कापड दोन दिवस हौदात भिजवा, चोळून खळ काढा, वाळवा, मग पुन्हा शिवा. नाहीतर माझी दोन जुनी लुगडी दुहेरी घालू. वजन तेवढंच होईल."

सासूबाईंनी एवढंच पुढे सांगितलं, "ती म्हणते, धुवून घ्या."

"धुतलेलं कापड देवीच्या दारात? माय, हिला काही शिकव. नवसाचं सगळं कोरं लागतं."

"खरंच व पोरी," सासूबाई मला म्हणाल्या, "कोरंच लागतं. जुनी लुगडी टांगून बसलो तर लोक काय म्हणतील?"

"देवीचा खण कोरा लागतो, आत्या. पाल काय देवी नेसणार आहे?"

"हळू बोल, ऐकतील ते."

"ऐकू द्या की."

ऐकलं आणि हसले. ज्या गावात गल्लीगल्लीत माग, जिथे शेंबडं पोरही कापड भिजवल्याशिवाय सदरा शिवू देत नाही, तिथे देवीचं नाव निघालं की सगळ्यांची अक्कल गुंडाळून माळ्यावर जाते.

आता माझी नात पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायला जाते. परवा फोनवर तंबू निवडत होती. वजन किती, रंग कोणता, घडी केवढी होते. मी विचारलं, "पाणी ओतून बघितलंस का त्याच्यावर?" हसली. जेठ असेच हसले होते.

तर आम्ही दोन दिवस चाललो. मुलगा माझ्या पाठीशी बांधलेला, पाल जेठांच्या खांद्यावर. ते हलकं होतं, हे मी नाकारत नाही. शेतात काळी माती वाळून भेगाळली होती, त्या भेगांत त्यांनी खुंट्या ठोकल्या आणि सुती दोऱ्या अशा ताणल्या की कापड बोटानं वाजवून दाखवलं. मी सासूबाईंकरवी सांगितलं, दोरी भिजली की आखडते, थोडी ढिली ठेवा. उत्तर आलं, ढिलं पाल बावळट दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावळ झालं. दुपारी वारा फिरला आणि आभाळ काळं झालं. पहिल्या सरीतच खळेचं पांढरं पाणी आमच्या अंगावर गळायला लागलं. मग कापड आटलं, दोऱ्या आखडल्या, शिवण टर्रकन उसवली. मातीचा चिखल झाला होता, खुंट्या एकेक करून बाहेर आल्या. सगळं आमच्यावर पडलं.

उसवलेली शिवण हाताला लागली. दोन्ही हातांनी फाडली आणि मुलाचं तोंड बाहेर काढलं. ओठ निळे झाले होते. पालथा धरून पाठीत थापट्या मारल्या. चौथ्या की पाचव्या थापटीला तो खोकला, मग रडला. पण त्याचं डोकं सकाळीच भादरलेलं आणि गारा आवळ्याएवढ्या. मी त्याच्यावर ओणवी झाले.

"आत्या, लुगडं सोडा."

"काय बोलतेस?"

"अर्धं सोडा. तुमचं जुनं आहे."

त्या बाईनं जन्मात एकदाच माझ्याशी वाद घातला नाही. नऊवारीतलं अर्धं सोडलं, अर्धं अंगावर ठेवलं. मी वेळू तिरपा करून बोचक्याला टेकवला, लुगडं दुहेरी करून त्यावरून टाकलं, कडेला दगड ठेवले. वर्षानुवर्षं धुवून त्याचा धागा बसलेला होता. ते टिपकलं, पण धार आली नाही. दुसरं टोक त्यांच्या कमरेला होतं, म्हणून दुसरी खुंटी होऊन त्या स्वतः गारांत बसल्या. मी आतून एवढंच बघत राहिले की मुलाचा हात कापडाला लागू नये. कापडाला जिथे हात लागतो तिथून पाणी आत येतं.

गारा थांबल्यावर धोतर वर धरून जेठ आले.

"अरे, पाल कुठं गेलं?"

मी पदर पुढे ओढला नाही. "देवीनं नेसायला नेलं," म्हटलं.

"माय, ही माझ्याशी बोलते?"

"बोलू दे," सासूबाई कुडकुडत म्हणाल्या. "आधी तुझं उपरणं दे इकडं."

कापड खराब निघालं, विणणाऱ्यानं फसवलं, असं ते परतीच्या वाटेवर म्हणाले. कचेरीत सांगितलं की गारा मोठ्या होत्या, पण पालानं सगळ्यांना वाचवलं. हीच गोष्ट ते मरेपर्यंत सांगत राहिले, आणि ऐकणारे मान हलवत राहिले.

सासूबाईंच्या छातीत कफ भरला. महिनाभर अंथरुणात होत्या, मग उठल्या. त्या दुपारी पालाखाली आम्ही तिघं होतो, सासूबाई, मी आणि माझा मुलगा. तिघंही जगलो.