चौगुले बाई आणि बर्फातलं रक्त

चौगुले बाई एसटीत बसल्या की कापडी पिशवी मांडीवर घेत. वरच्या फळीवर ती कधीच ठेवत नसत. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला छोटा सूक्ष्मदर्शक असे. ज्या हिवतापाच्या रुग्णाचं रक्त आम्ही प्रयोगशाळेत नेलं, त्याच्या घरी त्या पुन्हा जात, उजेडाला पाट मांडायला सांगत आणि त्यावर सूक्ष्मदर्शक ठेवून म्हणत, "या, बघा. तुमच्या रक्तातलं हाय, आदी तुमी बघायचं." माणूस एक डोळा मिटून वाकायचा. तांबड्या पेशीतला जांभळट ठिपका दिसला की बहुतेक जण दचकून मागं सरायचे. कोरेगावची एक भाजीवाली मात्र बराच वेळ बघत राहिली आणि त्या ठिपक्यालाच म्हणाली, "एवढंसं हायस आणि मला आठ दिस झोपवलंस व्हय रं मुडद्या!"

मी साताऱ्याची. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील मोर्च्याआधी ती छापून आणत आणि मी सायकलला गठ्ठा बांधून वाटत असे. लोकांपासून काही लपवायचं नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. गरिबाच्या दंडातून रक्त काढून न्यायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही, अशा संशोधनाची मला चीड होती, अजूनही आहे. म्हणून सांगलीला बाईंच्या हाताखाली काम मिळालं तेव्हा पहिल्याच महिन्यात मी ठरवून टाकलं, ह्या आपल्या बाजूच्या.

बाई सांगलीजवळच्या एका खेड्यातल्या जैन शेतकऱ्याच्या लेक. वर्गात प्रमाण भाषा बोलत, पण कामात रंगल्या की घरची भाषा यायची. हिवतापाच्या परजीवीची कोणती जनुकं कधी कामाला लागतात, हा आमचा विषय. तो त्या अशा समजावत: "गावात परत्येकाच्या घरी विळा असतोय, खोरं असतंय, काहील असती. घरात काय काय हाय, ही यादी करून काय कळतंय? आज अंगणात काय काढलंय ते बघ. काहील काढली म्हंजे हळद शिजणार." जनुकं म्हणजे घरातली अवजारं. जनुक कामाला लागलं की पेशीत त्याच्या चिठ्ठ्या फिरू लागतात; त्यांना आरएनए म्हणतात. त्या चिठ्ठ्या मोजल्या की परजीवी आत्ता काय करतोय ते समजतं. आमच्या भागात आढळणारी जात प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. ती रुग्णाच्या रक्तातच मिळते, म्हणून प्रत्येक नळी मोलाची.

गेल्या वर्षी एका आठवड्यात तीन रुग्ण मिळाले. रक्त काढल्याबरोबर त्यात एक द्रावण घालायचं असतं, म्हणजे चिठ्ठ्या आहेत तशा राहतात. द्रावण नेमकं संपलं होतं. रक्त बर्फात टिकतं असं मी धरून चालले, नळ्या थर्मासात घातल्या आणि कोरेगावहून सांगलीला आले.

निकाल आले आणि माझी झोप उडाली. तिन्ही नमुन्यांत परजीवीनं संकटात काढायची सगळी हत्यारं बाहेर काढली होती. औषधाला दाद न देणाऱ्या परजीवीत असं दिसतं, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. त्याच दुपारी त्या तिघांपैकी एकाचा, रहिमतपूरच्या हणमंत गवंड्याचा फोन आला. चौदा दिवसांच्या गोळ्यांपैकी आठ दिवसांच्या झाल्या होत्या, ताप उतरला होता. "ताई, आमच्या रक्तात काय निगालं?" त्याचं रक्त, त्याचा हक्क! मी सांगून टाकलं: हा परजीवी गोळ्यांना जुमानत नसावा.

दोन दिवसांनी बाई परगावाहून परतल्या. मी त्यांच्यापुढं आलेख ठेवला, वर मथळाही लिहिलेला, पत्रकाच्या थाटात. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बर्फात किती वेळ होतं?"

"तीन तास."

"तुला तीन तास बर्फात बसवली तर तू काय काढशील अंगणात?"

त्यांनी आलेखावर बोट टेकवलं.

"अगं, ते कुडकुडत हुतं. तू रोग न्हाई मोजलास, पोरी. कोरेगाव ते सांगली रस्ता मोजलास." मग स्वतःशीच म्हणाल्या, "नळ्या कशा आणल्या ते मीबी विचारलं न्हाई. तुझ्याइतकीच माझी चूक."

मी हणमंतला काय सांगितलं ते कबूल केलं, तेव्हा मात्र त्या खुर्चीवरून उठल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "ताप गेला तरी ते यकृतात लपून बसतंय. त्याला तिथनं काढायच्या गोळ्या हैत त्या. सोडल्या असतील तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पडंल तो. चल."

सोडल्याच होत्या. त्याची बायको सुमन दारातच कडाडली, "आवं बाई, तुमचीच पोरगी म्हनली गोळी चालत न्हाई. मग कशाला खायाची? त्यानं तोंड कडू पडतंय त्यांचं!" बाई माझ्या बाजूनं एक शब्दही बोलल्या नाहीत. मला पुढं करून म्हणाल्या, "बोल."

हजारो पत्रकं वाटलेली मी, पण चार वाक्यं जुळवताना घाम फुटला. रक्त मी द्रावण न घालता बर्फातून आणलं. निकाल खोटा आहे. गोळ्या चालतात. माझी चूक झाली. हणमंतनं सगळं ऐकून घेतलं. "मंजे आमचं रगात वाया गेलं?"

"गेलं," बाई म्हणाल्या. "खरं हाय ते."

"मग पुन्यांदा घ्या की!"

"आता न्हाई घेत. आता तुमच्यात किडा सापडला तर मला रडू यील, हणमंतराव."

सुमन हसली आणि आत जाऊन गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. बाईंनी तिथूनच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी त्याला लगेच बोलावलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. परतीच्या एसटीत मी विचारलं, "बाई, लोकांना सांगायचंच नाही का मग?"

"सांगायचं. न सांगणाऱ्यांत मी न्हाई. पर दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट सांगताना आपला आनंद आदी तपासायचा. तुला लय आनंद झालाता."

खरं होतं ते. एका माणसाच्या रक्तात संकट दिसलं आणि मला मथळा सुचला होता. आजही काही लिहायला बसले की ते आधी आठवतं.

हणमंतनं गोळ्या पुऱ्या केल्या. पुढच्या तपासण्यांत त्याचं रक्त स्वच्छ निघालं. या वर्षी त्याच्याच हाताखालचा एक सेंट्रिंगवाला तापानं फणफणला, तर हणमंतनं त्याला गाडीवर घालून केंद्रात आणलं आणि आम्हाला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा तो परिचारिकेच्या शेजारी उभा राहून दम देत होता, "रगात काडलं की लगीच औषद घाला त्यात. बर्फात घालायचं न्हाई, सांगून ठेवतो!" बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्याला म्हणाल्या, "अर्धं बर्फात घालू या, गड्या. मुद्दाम. कुडकुडतंय का बघू."

बर्फातल्या अर्ध्यात तीच हत्यारं बाहेर आली होती. द्रावणातल्या अर्ध्यात ती सगळी घरातच होती आणि भलतीच काही जनुकं कामाला लागलेली दिसत होती. काही ओळखीची, काहींना अजून कुणी नावसुद्धा दिलेलं नाही. बाईंच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. टेबलावर आवरायचे गठ्ठे पडले होते. ते बाजूला सारून त्यांनी आलेख पसरला आणि शेजारची खुर्ची माझ्याकडं ढकलली.

"बघ, कसं निवांत आपल्या कामाला लागलंय. आता आपन लागू."